बापाचा तुकडा

माझी नात भिंगरी सात वर्षांची. ती बोलत नाही, मी दोघांपुरतं बडबडतो. काही हवं असलं की ती चित्र देते. पाणी, झोपाळा, चप्पल, सगळी चित्रं मीच प्लायच्या तुकड्यांवर चिकटवली. सुतार माणूस, तेवढंच येतं. शिकवणाऱ्या बाईंचा नियम एकच: तिनं चित्र हातात दिलं, की ती वस्तू लगेच द्यायची. एका तुकड्यावर तिच्या बापाचा फोटो होता.

पोरगा माझा अपघातात गेला. तरी ती रोज तो तुकडा माझ्या हातात ठेवायची आणि दाराकडे बघत बसायची. मला बघवेना. मी तो हत्यारांच्या पेटीत लपवला.

मग तिनं सगळे तुकडे जमिनीवर ओतले, एकेक पाहिला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली.

सूनबाई रडत म्हणाली, "मामंजी, माणूस गेला तो गेला. त्याला हाक मारायची सोय तरी ठेवा की!"

मी तुकडा काढून दिला. भिंगरीनं तो फ्रॉकला पुसला आणि परत माझ्याच हातात ठेवला.

"हे नाही गं माझ्याकडे, पोरी," मी म्हटलं, आणि तिच्याजवळ दाराकडे बघत बसलो.