कोरड्या खाणीतली संत बार्बरा

आमच्या गावाखालची मिठाची खाण कोरडी आहे, असं संचालक डॉक्टर वेमायर सांगत. किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं तिथे रचली ती याच भरवशावर: पाणी असतं तर मीठ उरलं असतं का? पुढे छत गळू लागलं. डॉक्टरांना गळती थांबवता आली नाही, म्हणून त्यांनी शब्द थांबवला. खाणीत कुणी 'पाणी' म्हणायचं नाही. कामगार नुसतं 'ते' म्हणत, भुताचं नाव टाळावं तसं.

गेझीन आलब्रेख्त आमची सरपंच. गावची विहीर खाणीच्या उताराला. पाणी शिरल्याचं डॉक्टरांनी सरकारी समितीपुढे कबूल केलं, की कायद्यानं पिंपं बाहेर काढावी लागणार होती. तिला तेवढंच हवं होतं. समितीच्या पाहणीच्या दिवशी तिनं मलाही खाली नेलं.

"तुम्ही पाळक. तुमच्यापुढे खोटं बोलायला तो लाजेल."

मी जन्मभर चर्चमध्ये प्रवचनं केली. माझ्यापुढे कुणी लाजल्याचं आठवत नाही.

पिंपांच्या दालनाशी कोनाड्यात खाणकामगारांची संत बार्बरा उभी आहे, लाकडी. त्या दिवसापुरती गळती एका नळीत घालून नळी तिच्यामागे दडवली होती. समिती समोर आली आणि नळी सुटली. बार्बरेच्या गालावरून थेंब ओघळू लागले.

"डॉक्टर, हे काय?" गेझीननं विचारलं.

"दव."

"जमिनीखाली? इथे पहाट कधी होते हो?"

समितीच्या अध्यक्षांनी थेंब बोटावर घेऊन चाटला. अणुकचऱ्याच्या खाणीत ओघळणारं काहीही चाटणारा माणूसच अशा समितीवर नेमतात.

"खारट आहे," ते म्हणाले.

"अश्रू खारटच असतात," डॉक्टर म्हणाले. पदार्थविज्ञानाचे डॉक्टर. बोलून गेल्यावर त्यांना ते आवडलंही. "हा श्रद्धेचा विषय आहे. पाळकसाहेब सांगतील."

"आम्ही ल्युथरवाले रडणाऱ्या मूर्ती मानत नाही," मी म्हणालो. "पण शेजारच्या आइक्सफेल्डातले कॅथलिक मानतात. आजच त्यांच्या बिशपांना फोन करतो. रविवारी बसगाड्या लागतील. म्हाताऱ्याकोताऱ्या, पांगळे, कॅमेरेवाले, सगळे दर्शनाला उतरतील."

"खाली? पिंपांपाशी?"

"तुम्हीच म्हणालात, श्रद्धेचा विषय. श्रद्धेला कोण अडवणार?"

डॉक्टरांचा चेहरा मिठासारखा झाला. विहिरीत काय उतरेल याची या माणसाला कधी भीती वाटली नव्हती. खाणीत माणसं उतरतील म्हटल्यावर मात्र वाटली.

"पाणी आहे," ते पुटपुटले.

"मोठ्यानं. समितीचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंना ऐकू गेलं पाहिजे," गेझीन म्हणाली.

"पाणी आहे. थोडं."

"'थोडं' लिहू नका हो," गेझीन त्या बाईंना म्हणाली.

अध्यक्षांनी सही केली. खाणीच्या लिफ्टच्या पाळण्यातून वर येताना डॉक्टर म्हणाले, "पिंपं काढायला तीस वर्षं लागतील."

"मग बसता काय?" गेझीन म्हणाली. "वर पोचल्यावर पुन्हा खाली जा."