ठिपक्यांमधला थांबा

...हिरवा दिवा लुकलुकत होता, पेन ड्राइव्हच्या टोकावरचा, आणि त्याच्या भोकात ओवलेला निळा दोरा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता — लेकीने कॉलेजात असताना बांधलेला, "आई, तू हे हरवणार बघ," असं म्हणत. हरवला नाही. दोरा तेवढा विटला.

बाईंनी चष्मा पुसून निरोप पुन्हा वाचला. 'बाई, तुमचा ठिपक्यांचा प्रोग्राम सिस्टीमच्या नव्या आवृत्तीत उघडत नाही. त्याला सांभाळणारं कुणी नाही. तेच काम दुसरं साधन क्षणात करतं. संध्याकाळपर्यंत कुणी जबाबदारी घेतली नाही, तर काढून टाकतो. राग मानू नका.' निरोप जुळारीचा. त्याचं खरं नाव बाईंना ठाऊक नव्हतं. कुठकुठली माणसं फावल्या वेळात या पेन ड्राइव्हवरची ऑपरेटिंग सिस्टीम घडवत, आणि हा त्यांचे तुकडे जुळवी, म्हणून जुळारी. आलेख, ताऱ्यांचे नकाशे, रेणूंचे आकार, मोठाली आकडेमोड — विज्ञानाची सगळी साधनं आधीच आत भरलेली, फुकट, आणि कुणीही उघडून आतलं वाचावं, सुधारावं अशी. शाळेतला मरणपंथाला लागलेला कॉम्प्युटरसुद्धा या पेन ड्राइव्हने उठून बसायचा.

राग कसला? पोरगा बरोबरच बोलत होता. क्षणात करतं... तेच तर दुखणं होतं.

लेकीने हा प्रोग्राम पहिल्यांदा लिहिला, तेव्हा तोही आलेख क्षणात काढायचा. गरम पाणी, थर्मामीटर, आकडे भरले की वाकडी रेघ हजर — आणि मुलं ती निमूटपणे वहीत उतरवायची, जशी फळ्यावरची तारीख उतरवतात. बाईंनी घरी येऊन म्हटलं, थांबव त्याला. प्रत्येक ठिपक्याआधी थांबव. लेक वैतागली होती. "जग कॉम्प्युटर पळवायला बघतंय, आणि तू त्याला लंगडा करतेस." तरी तिने केलं. आणि मग मागच्या बाकावरची ती मुलगी, कधी हात वर न करणारी, पडद्याजवळ आली आणि पुढचा ठिपका जिथे येईल असं तिला वाटलं तिथे बोट टेकवून उभी राहिली. ठिपका आला तो वर, बोटापासून लांब. वर्ग हसला. तिने बोट काढलं नाही. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बाई, पाणी आळसावलं का? आधी भराभर निवत होतं..."

त्या थांब्यात केवढं मावलं होतं. दुसऱ्या साधनात सगळं होतं, तो थांबा नव्हता.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"आई, सोड ना आता. बाळबोध आहे ते. माझं मलाच बघवत नाही."

"मग मी सांभाळते."

"तू? तुला फोनचा आवाज बंद करता येत नाही."

"तुला तरी बेचा पाढा कुठे येत होता जन्मतः?"

लेक हसली, पण घाईत; मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. फोन ठेवला गेला.

दुपारी बाईंनी प्रोग्राम आतून उघडला. काळ्यावर पांढरी अक्षरं, ओळीमागून ओळ, आणि मध्येच लेकीने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं — 'इथे थांब. आईचा हट्ट.' बाई त्या ओळीपाशी रेंगाळल्या, मग पुढे सरकल्या, कारण रेंगाळून काही दुरुस्त होणार नव्हतं. एक शब्द बदलला. चूक दाखवणाऱ्या लाल ओळी आल्या. तो पूर्ववत केला, दुसरा बदलला. आणखी लाल. कानशिलं तापली... असं असतं होय हे. सगळ्यांना दिसतंय आणि आपल्याला दिसत नाही, असं. किती मुलांना म्हटलं असेल मी, सोपं आहे रे, नीट बघ! कुणाला सोपं? ज्याला येतं त्याला. आणि ती पोरं मान डोलावून जागेवर जाऊन बसायची, माझा मान राखायला.

उठावंसं वाटलं. त्या उठल्या, पाणी प्यायल्या आणि परत येऊन बसल्या.

उन्हं कलताना त्यांनी जुळारीला लिहिलं, 'मी सांभाळते. येत नाही. शिकते.'

उत्तर लगेच आलं. 'नाव घातलं. तूर्त काढत नाही. पण बाई, आता तक्रारीही तुमच्याच नावावर येतील.'

'येऊ देत. आयुष्यभर पालकांच्या ऐकल्यात.'

फोन वाजला. लेक. "हं, सुटले एकदाची. वाच, काय म्हणतोय कॉम्प्युटर?"

बाईंनी लाल ओळ वाचली, अडखळत, एकेक अक्षर लावत.

"अगं, ते तर एकदम सो—" लेक थांबली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं. तू सांग. कुठे अडलं असेल, तुला काय वाटतं?"

हा प्रश्न बाईंच्या ओळखीचा होता; तो आपल्याकडे येताना कसा लागतो, हे मात्र आज कळत होतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, एका ओळीवर. अंदाज बहुधा चुकीचाच असावा. फोनमध्ये लेकीचा श्वास ऐकू येत होता, घाई नसलेला, आणि बाईंनी बोट उचललं नाही.