बांधावरची धाव

गेणूचा गुडघा गेला आणि लोणावळ्याच्या रेल्वे लोको शेडच्या क्रिकेट टीमचं कंबरडंच मोडलं. जर्मनच्या लढाईपासून नवा चेंडू त्याच्याच हातात असायचा. गडी मूळचा आंदर मावळातला. भाताच्या खाचरांच्या बांधावरून धावतच मोठा झालेला. बांध केवढा, तर वीतभर. पाय जरा चुकला की थेट चिखलात. त्यामुळे त्याचं पाऊल पावलासमोर पडायचं, रेघ ओढल्यासारखं. तीच धाव त्याने क्रिकेटात आणली. अंगाने काटकुळा, पण त्याचा चेंडू आला की खडकीच्या छावणीतले गोरेसुद्धा पाय मागे घ्यायचे. बाजारात लोक त्या धावेची नक्कल करायचे. गेणू वरवर शिव्या हासडायचा आणि मनातून फुगून जायचा.

आता गुडघा सुजलेला. टीमचा कप्तान दत्तोबा, शेडचा हेडफिटर, एके दिवशी म्हणाला, "गेणू, आता तू शिकव. वाहिदला तयार कर. रविवारी खडकीशी मॅच हाय. तवर जमलं न्हाई तर मी पुण्याचा बॉलर आणतो, सांगून ठेवतो."

वाहिद घाटातल्या इंजिनावर फायरमन होता. रुंद खांद्यांचा, चेंडू तोफेसारखा टाकणारा. फक्त तो कुठे जाईल ते त्याला स्वतःलाच ठाऊक नसे. गेणूने मनाशी पक्कं केलं, आपण संपलो तरी आपली धाव संपू द्यायची नाही. त्याने जमिनीवर वीतभर अंतराने दोन दोऱ्या अंथरल्या आणि वाहिदला त्यांच्यामधून धावायला लावलं.

झालं! वाहिद पाय जुळवता जुळवता अडखळायला लागला. दिशा तर आली नाहीच, होता तो वेगही गेला.

"बांधावर हायस असं समज की रं!" गेणू खेकसला.

"गेणूभाऊ, मी बाजारपेठेत वाढलो. बांध कुटं बघितलाय मी?"

बाकीचे फिदीफिदी हसले. गेणूचं डोकं फिरलं. त्याने वाहिदला अंधार पडेपर्यंत पळवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शुक्रवारी दत्तोबाने पुण्याला निरोप धाडायची भाषा केली.

शनिवारी एका इंजिनाचा ब्रेक कुरकुरत होता. गेणू शेडात फिटर. तो ब्रेक तपासायला खंडाळ्यापर्यंत त्याच इंजिनावर गेला. कोळसा वाहिदच टाकत होता. इंजिन डुलत होतं, वळणावर कलत होतं, पण गडी जागचा हलत नव्हता. पाय चांगले फाकलेले, डावा खांदा आगीकडे, सगळा जोर कमरेतून. फावड्यातला कोळसा हव्या त्या कोपऱ्यात जाऊन पडत होता.

गेणू बघत राहिला. काय चुकलं ते त्याला तिथेच कळलं, आणि कळलं त्याचं त्याला मुळीच बरं वाटलं नाही. ह्याला बॉलर करायचं तर आपली धाव सोडावी लागणार. ती शिकणारा दुसरा कोणी नव्हता. खंडाळा येईपर्यंत तो ब्रेकवर उगाच हातोडी आपटत बसला.

संध्याकाळी मैदानावर त्याने दोन्ही दोऱ्या गुंडाळल्या.

"बांध मसणात गेला. पाय फाकवूनच धाव. तितं डावा स्टंप हाय ना? तिकडं खांदा कर. आग तितंच हाय असं समज."

पहिलाच चेंडू स्टंपाला चाटून गेला. गेणूने दत्तोबाला ठणकावलं, "पुण्याचा बॉलर ऱ्हाऊ दे. वाहिद न्हाई चालला तर मी पुन्हा मैदानावर पाय ठेवणार न्हाई."

रविवारी वाहिदचा पहिला चेंडू विकेटकीपरच्या डोक्यावरून गेला. दत्तोबाने डोळे वटारले. गेणू सीमेवरून ओरडला, "आग कुटं हाय, वाहिद?"

वाहिदने मान डोलावली. पुढच्या चेंडूवर डावा स्टंप उखडून खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या चटईपलीकडे पडला. दुपारपर्यंत खडकीची टीम गारद झाली आणि संध्याकाळच्या आत शेडने मॅच जिंकली.

लोक वाहिदला खांद्यावर घेऊन नाचत होते. दत्तोबा गेणूजवळ येऊन बसला.

"गडी झकास निघाला. पण त्याच्यात तुझं कायबी दिसत न्हाई गड्या. ती धाव आता बघायला मिळायची न्हाई."

 

"न्हाईच मिळायची," गेणू म्हणाला आणि गुडघ्यावर हात दाबून उठला. "ए वाहिद! खाली उतर. दुसऱ्या ओव्हरला दोन चेंडू आखूड का टाकलेस? चल, चटई गुंडाळायच्या आधी ते दोन पुन्हा टाकून दाखव."