झील दुसऱ्या ट्रॅकवर

आमच्या आटपाडी भागात मला सोनिया म्हणून कुणी हाक मारत नाही, 'इकोवाली वहिनी' म्हणतात. मागच्या खोलीत माझं आठ ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन आहे. जत्रेची भक्तिगीतं, वाढदिवसाची गाणी, निवडणुकीत रिक्षावर वाजणारा प्रचार, सगळं तिथंच होतं. येणारा प्रत्येक जण आधी एकच सांगतो, "वहिनी, आवाज जरा घुमवा." मी घुमवते. बेसूर उमेदवाराला गुहेत बसवून त्याचा देव केलाय मी. उगाच नम्रपणा कशाला, हात चांगला आहे माझा.

त्या आठवड्यात मात्र हाताची खरी परीक्षा होती. माझे सासरे हरिबा, मी त्यांना मामा म्हणते, त्यांच्या घशात गाठ निघाली होती. मंगळवारी मिरजेला ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. आणि आमच्या घराण्याची बिरोबाची ओवी, चांगली अर्ध्या तासाची, आता फक्त त्या घशात उरली होती. ती कुणी लिहून ठेवलेली नाही.

मामा दोन वर्षं गायलेच नव्हते. त्यांचे झीलकरी आकारामतात्या गेले, तेव्हापासून. गाणारा ओळ म्हणतो, झीलकरी तिचं शेपूट उचलून वर नेतो आणि तेवढ्यात गाणारा दम घेतो. चाळीस वर्षं ते काम तात्यांनी केलं होतं. "झील न्हाई तर ओवी न्हाई," हे मामांचं पालुपद. माझा नवरा इंद्रजित फौजेत. तो फोनवरून विनवण्या करून थकला.

रविवारी दुपारी मी मामांना मशीनपुढं बसवलंच. "आवं मामा, झील मशीन देतंय. तुमी निस्ती ओवी म्हणा." मी डिले लावला होता. ओळीचा शेवटचा तुकडा एकदाच, बरोबर तालावर परत यावा म्हणून सगळी सकाळ घालवली होती. मामांनी पटका काढून हेडफोन चढवला आणि पहिली ओळ टाकली. शेवटचे शब्द कानात परत आले तसे ते थांबले.

"ह्यो कोण?"

"मशीन हाय, मामा."

"मशीन कसलं, मीच हाय की! माज्या मागं मीच? आपली पाठ आपुनच थोपटायची व्हय गं?"

मग मी तो आवाज जाड केला, बारीक केला, दोघातिघांचा केला. "आता कोण हाय?" मी विचारलं.

"मीच. पर सर्दी झाल्याला."

मला हसू आलं आणि लगेच डोकं फिरलं. "मग जाऊ द्या ती ओवी! मंगळवारी घशाबरोबर तीबी कापून टाकूया!" बोलून गेले आणि जीभ चावली. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "झीलकरी निस्तं शेपूट धरत न्हाई, पोरी. वळ कुठं वळनार, त्ये त्याला आदीच ठावं असतंय. तुज्या मशीनला ठावं हाय का?"

मशीनला नव्हतं. मला होतं. इंद्रजितनं जुन्या मोबाइलवर धरलेले दोघांच्या गाण्याचे काही तुकडे, ढोलात बुडालेले, मी चार वर्षं साफ करत होते. बाकीच्यांच्या गाण्यातला दम घेतल्याचा आवाज मी कापून टाकते. मामांचा कधी कापला नाही. त्या दमावरूनच मला कळायचं, ओळ सरळ जाणार की चढणार.

पण आमच्याकडं बाईनं झील धरलेली कुणी ऐकली नव्हती. मीही धरली नसती. मंगळवार काही थांबणार नव्हता. डिले बंद केला, दुसऱ्या ट्रॅकवर दुसरा माइक लावला आणि म्हणाले, "म्हणा."

पहिल्या झिलीला माझा आवाज थरथरला. मामांनी चमकून बघितलं. दुसरीला नुसती मान हलवली. तिसरीला डोळे मिटले ते मिटलेच. मध्येच एकदा त्यांचा घसा बसला. शब्द फुटेना. मी झील सोडली नाही, ताणून धरली, ते परत येईपर्यंत. झील कशासाठी असते ते मला तेव्हा कळलं. बत्तीस मिनिटं झाली. बाहेर शेळ्या ओरडल्या, त्याही राहू दिल्या.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बोलले तसंच झालं, माणूस घरी आला, आवाज गेला. मी मिक्सिंग करायची तेव्हा मामा शेजारी बसून माझा हात कुठल्या बटनावर जातो ते बघत राहायचे. त्यांच्या आवाजाला मी काहीही लावलं नाही. माझ्या आवाजावर मात्र घुमवणारा रिव्हर्ब ओतला, इतका की बाई आहे की बाप्या, कळू नये. भ्याले मी, खरं सांगते.

ऐकायला गजी नाचाच्या मंडळाचे म्होरके सयाजीअण्णा आणि आणखी चार म्हातारे आले. दहा मिनिटांतच अण्णांनी डोळे पुसले. "झील कुणाची गं? लय लांबनं आल्यावानी वाटतीया."

"मशीनचा इफेक्ट हाय," मी खाली बघून म्हणाले.

मामा उठले. गळ्याला पट्टी, चालायला अजून आधार लागत होता. मशीनपाशी आले आणि दुसऱ्या ट्रॅकचं रिव्हर्बचं बटन पार खाली फिरवलं. खोलीत माझा आवाज उघडा पडला. बाईचा, जरा कापरा, पण मामांच्या ओळीला धरून. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला पळून जावंसं वाटलं.

मामा घोंगडीवर परत बसले आणि डाव्या अंगाची जागा हातानं झाडली. झीलकऱ्याची जागा ती. तात्या गेल्यापासून तिथं कुणी टेकलं नव्हतं.

सयाजीअण्णांनी त्या जागेकडं बघितलं. मग गुडघा आवरून बाजूला सरकले. "बस की. झीलकऱ्यानं उभं ऱ्हायाचं नसतंय."

मी बसले. ओवी अजून वीसेक मिनिटं बाकी होती, आणि त्या वीस मिनिटांत मी एकदाही मान खाली घातली नाही.