काठावरच्या खुणा

ती गेल्याचं मास्तरांना कळलं तेव्हा त्यांच्या हातात कात्री होती आणि टेबलावर एका वकिलाच्या कोटाचं कापड पसरलेलं होतं. बारा वाजायला आले होते. दुकानातला फोन वाजला. कोपऱ्यावरच्या प्रवासाच्या ऑफिसातल्या बुकिंगवाल्या बाई बोलत होत्या. त्यांचं ऑफिस सहा दुकानं पलीकडे. हाकेच्या अंतरावरून या फोन का करतायत, हेच मास्तरांना आधी कळेना.

"मास्तर, जरा येऊन जाता का? वहिनी..." एवढं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मास्तर कात्री हातात घेऊनच गेले. ती खाली ठेवायची असते, हे सुचलं नाही.

त्यांची बायको खुर्चीत बसलेली होती. पर्स मांडीवर, चष्मा नाकावर, पुढ्यात बोटींचा जाडजूड कॅटलॉग. मान थोडी कलली होती, वाचता वाचता डोळा लागावा तशी. बुकिंगवाल्या बाई भिंतीला टेकून रडत होत्या.

"आल्या, बसल्या, म्हणाल्या, मी ठरवलंय कुठली बोट ते. जरा पाणी द्या, मग सांगते. मी आत पाणी आणायला गेले, तेवढ्यात फोन आला म्हणून पाच मिनिटं बोलत बसले. पाचच मिनिटं हो, मास्तर."

कुठली बोट, ते तिच्याबरोबरच गेलं.

ती कापडाच्या गिरणीत तपासनीस होती. तिथे सगळे तिला चेकरबाई म्हणायचे, आणि तिच्या नजरेतून सुटलेलं कापड अजून विणायचं आहे असंही म्हणायचे. छत्तीस वर्षं खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून तिनं कापड ओढलं आणि डोळ्यांत तेल घालून बघितलं. निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन चपला काढल्या आणि जाहीर केलं, "मला बेटं बघायची आहेत. नारळाची झाडं, पांढरी वाळू, निळं पाणी, सगळं. पण त्या हजार माणसांच्या बोटीतून नाही जायचं. ते म्हणजे तरंगतं लग्नघर. लहान बोट हवी. वीस-बावीस माणसं. बसल्या जागी नॅपकिन पसरून देणारा कुणीतरी हवा."

"नॅपकिन तर मीही पसरून देतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही पसरला की त्याच्यावर टाचण्या असतात."

निवृत्तीचे पैसे यातच घालायचे, दुसरीकडे कुठेही नाही, हे तिनं लेकीलाही बजावून ठेवलं होतं. बुकिंगवाल्या बाईंनी चार बोटी सुचवल्या. त्यांतली एक निवडायची एवढंच काम होतं. त्यात तिनं तीन महिने घालवले. मास्तर म्हणायचे, तू ठरव, मी बॅगा उचलीन. कॅटलॉगमध्ये त्यांनी एकदाही डोकं घातलं नाही. आता मात्र घरात बघण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

माणसं येऊन गेली. लेक पंधरा दिवस राहिली आणि नोकरीसाठी परत गेली. तिचा रोज फोन यायचा.

"बाबा, ते बोटीचं रद्द करून टाका ना. त्या बाई आपल्या ओळखीच्या आहेत, समजून घेतील."

"रद्द नाही करायचं. तिनं ठरवलं होतं. मी त्याच बोटीनं जाणार. काय ठरवलं होतं तेवढंच कळायचंय."

"मग आईलाच विचारा," लेक वैतागून म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते कळल्यावर घाईघाईनं, जेवलात का, असं विचारू लागली.

खरी गोष्ट अशी होती, की मास्तर तिला विचारतच होते. आणि ती काहीतरी सांगतही होती. ते कुणापाशी बोलायची सोय नव्हती. सकाळी सुईत दोरा ओवताना उजव्या कानामागून स्पष्ट ऐकू यायचं, "अहो, उजेडात धरा जरा." तिचाच आवाज, तिचीच किंचित कंटाळलेली तऱ्हा. आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती. बिल असो, औषधाची बाटली असो, लेकीचं प्रगतिपुस्तक असो, आधी उजेडात धरा. मास्तर मागे वळायचे नाहीत. वळलं तर आवाज थांबेल अशी त्यांना भीती वाटायची.

दुसरी गोष्ट कॅटलॉगची. तो मास्तर बंद करून टेबलावर ठेवत. खोलीत परत आले की तो उघडलेला असे, आणि दर वेळी त्याच पानावर. तपकिरी रंगाची, काहीशी बोजड दिसणारी एक बोट, तिचं पान. मास्तर कापडातले माणूस. ज्या घडीवर कापड जास्त दिवस राहतं त्या घडीवर ते आपण होऊन दुमडतं, हे त्यांना कळत होतं. कागदाचंही तसंच असणार. म्हणून त्यांनी कॅटलॉगवर दुकानातली जड इस्त्री आणून ठेवली. एक दिवस, एक रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्री उचलली. कॅटलॉगचा वरचा पुठ्ठा हळूच वर आला, पानं एकामागून एक पडली, आणि तपकिरी बोट वर आली.

"ही नाही गं," मास्तर रिकाम्या खोलीत म्हणाले. "हिच्यावर तू एकसुद्धा खूण केली नाहीस."

कारण तिनं खुणा केल्या होत्या. पर्समध्ये कायम असायची त्या निळ्या पेन्सिलीनं, पानांच्या कडेला, नखाएवढ्या आडव्या रेघा. पांढऱ्या बोटीला सात. पुढच्या दोन बोटींना चार आणि पाच. तपकिरीला एकही नाही. मास्तरांनी चष्मा लावून पांढऱ्या बोटीच्या खुणा वाचल्या आणि त्यांना हसूच आलं. 'लिफ्ट नाही, मजल्यांना जोडणारे शिडीसारखे अरुंद जिने.' तिथे खूण. 'होडीतून गुडघाभर पाण्यात उडी मारून बेटावर उतरण्याची मजा.' खूण. 'ज्वालामुखीच्या टोकापर्यंत तीन तासांची पहाटेची चढण.' खूण. 'सलग चार दिवस किनाऱ्याशी संपर्क नाही, फक्त तुम्ही आणि समुद्र.' तिथेही खूण.

म्हणजे बाईसाहेबांना साठी उलटल्यावर ज्वालामुखी चढायचा होता. नॅपकिन वगैरे नुसतं बोलायला. मास्तरांना तिचा केवढा अभिमान वाटला. त्याच दिवशी ते ऑफिसात गेले. त्या खुर्चीकडे न बघता उभ्यानंच म्हणाले, "पांढरी."

बुकिंगवाल्या बाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "चढउतार फार आहे हो तिच्यात, मास्तर. जमेल?"

"तिला जमणार होतं, मग मला न जमायला काय झालं?"

"बरं. शनिवारपर्यंत खोली धरून ठेवते. तोपर्यंत विचार बदलला तर सांगा."

विचार बदलण्यासारखं मास्तरांना काही दिसत नव्हतं. पण त्या दिवसापासून आवाज वाढला. सुई नसली तरी यायचा. दाढी करताना, कुलूप लावताना, रस्ता ओलांडताना. उजेडात धरा. उजेडात धरा जरा. एकदा गिऱ्हाइकाचं माप घेता घेता मास्तर मोठ्यानं म्हणाले, "धरलंय की उजेडात!" गिऱ्हाईक बिचारं हात वर करून तसंच उभं राहिलं.

गुरुवारी दुकानात नवीन कापड आलं. करड्या सुटाचं. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं, कागदी नमुने मांडले, पांढरा खडू हातात घेतला. कापडाच्या काठावर एका जागी निळी आडवी रेघ होती, नखाएवढी. मास्तरांच्या हातानं न सांगता बाहीचा नमुना तिथून चार बोटं बाजूला सरकवला.

आणि मग तो हात तिथेच थांबला.

हे त्यांनी हजारो वेळा केलं होतं. विचार करावा लागत नव्हता. शिंप्याची खूण कापडाच्या अंगावर असते, पांढऱ्या खडूची. ती सांगते, इथून काप. गिरणीतल्या तपासनिसाची खूण काठावर असते. ती सांगते, इथे आत खोट आहे, हा भाग टाळ. लग्नाच्या आधीची ओळखच त्यावरून झालेली. मास्तर तेव्हा नवशिके, त्यांनी निळ्या खुणेवरूनच कोट कापला होता आणि गिरणीला शिव्या देत तक्रार नेली होती. काचेच्या टेबलामागून एक सडपातळ मुलगी उठून आली, कोट उजेडात धरला, तुटका धागा दाखवला आणि म्हणाली, "काठावर लिहिलंय की. वाचता येत नाही का?" पुढे संसारात ते दोघांचं कायमचं बोलणं झालं. तुमची खूण म्हणजे चला, माझी खूण म्हणजे थांबा.

तिच्या रेघा कॅटलॉगच्या काठावर होत्या.

मास्तरांनी दुकान बंद केलं. भर दुपारी, गिऱ्हाईक यायच्या वेळी. घर तिसऱ्या मजल्यावर. ते जिना चढू लागले, आणि आज पहिल्यांदा त्यांनी भिंतीकडे बघितलं. पहिल्या मजल्यापर्यंत काही नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कठड्याच्या उंचीला, एक निळी रेघ. पुढे सात पायऱ्यांवर दुसरी. मग पाच पायऱ्यांवर. मग तीन. शेवटच्या वळणावर दोन रेघा एकमेकींना लागूनच होत्या. मास्तरांनी त्यावर बोट ठेवलं. भिंतीत खोट काहीच नव्हती. पोपडा नाही, भेग नाही. प्रत्येक रेघेपाशी कुणीतरी थांबलं होतं.

वर्षभर ती खालून म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, कुलूप काढा तोवर." मास्तर पुढे व्हायचे. कुलूप काढायचे. पाणी प्यायचे. दोन-दोनदा हाकही मारायचे, "अगं, जिना विणतेस की काय?" खालून हसू ऐकू यायचं. उशिरा आणि तुटक हसू. तेवढा वेळ का लागतो, हे त्यांनी कधी उजेडात धरून बघितलं नव्हतं.

घरात येऊन त्यांनी कॅटलॉग खिडकीत नेला. आता वाचायला अवघड काहीच नव्हतं. शिडीसारखे जिने, खोट. गुडघाभर पाण्यात उडी, खोट. तीन तासांची चढण, खोट. चार दिवस किनारा नाही, खोट. आणि तिन्ही बोटींवर, बारीक अक्षरातल्या एकाच ओळीशी, पेन्सील जोरात दाबलेली रेघ. बोटीवर डॉक्टर नसतो. मग तपकिरी बोटीचं पान. लिफ्ट आहे. पायऱ्या रुंद आहेत. रोज संध्याकाळी बोट किनाऱ्याला लागते. डॉक्टर चोवीस तास बोटीवर. ते पान त्यांनी उजेडात धरलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. काठ चारी बाजूंनी स्वच्छ. चेकरबाईंनी पास केलेलं पान.

त्या दिवसानंतर आवाज आला नाही. त्या रात्री मास्तर सुईत दोरा ओवून थांबले. मुद्दाम अंधारात ओवून बघितला. काही नाही. आवाज येत होता तेव्हा त्यांना भीती वाटत होती. आता घर एवढं शांत झालं, की ती भीती परत यावी असं त्यांना वाटू लागलं.

शुक्रवारी सकाळी ते ऑफिसात गेले आणि त्या खुर्चीतच बसले. दुसरी रिकामी नव्हती.

"पांढरी नको. तपकिरी."

"तपकिरी?" बाई म्हणाल्या. "मास्तर, तिच्यात धमाल काही नाही. वयस्कर माणसं घेतात ती."

"आम्ही वयस्करच आहोत."

'आम्ही' ऐकून बाईंनी मान खाली घातली आणि उगाच कागद सारखे केले. "तिच्यात दोघांची खोली आहे फक्त. एकट्याची नाही."

"असू दे."

"मग माझ्याकडून झालं सगळं." त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. "साठीच्या पुढच्यांना कुठल्याही बोटीला डॉक्टरांची सही लागते, तब्येत प्रवासाजोगी आहे म्हणून. एवढी घेऊन या." मग त्या म्हणाल्या, "वहिनींना माहीत होतं ते. त्या आधीच जाऊन आल्या होत्या डॉक्टरांकडे. म्हणाल्या, माझं सगळं दाखवून झालंय, आता यांना कसं न्यायचं तेवढं बघते."

"कुठल्या डॉक्टरांकडे?"

"तुमच्याच की. तुमच्या घराच्या खालचे."

मास्तरांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या जिन्याच्या तोंडाशीच आहे. जाता-येता दार उघडं दिसतं. डॉक्टर आतून मान हलवतात. ती गेल्यापासून जरा जास्तच वेळ बघत राहतात, हे मास्तरांच्या आता लक्षात आलंय. सही द्यायला त्यांना दोन मिनिटं लागतील. पण आत गेलं की विचारावं लागेल, ती कधी आली होती, तिनं काय सांगितलं, तुम्ही काय सांगितलंत, आणि मला का नाही सांगितलं. आणि डॉक्टर उत्तर देतील.

बुकिंगवाल्या बाईंनी शनिवारची मुदत वाढवून पुढच्या शनिवारपर्यंत नेली, मग त्याच्या पुढच्या. लेकीला बोट ठरल्याचं कळवून झालं आहे. वकिलाचा कोट शिवून झाला, करडा सूटही झाला. बॅग माळ्यावरून खाली काढली आहे. फॉर्मवर मास्तरांचं नाव, वय, पत्ता, सगळं भरलेलं आहे.

डॉक्टरांकडे जायचं राहिलं आहे.