उकूचा कॉम्प्युटर

टार्टूच्या कॉलेजात नेटवर्कचं पहिलंच प्रॅक्टिकल होतं. मारिका बाई म्हणाल्या, "लांबच्या कुठल्याही कॉम्प्युटरला हाक मारा. चालू असला तर तो ओ देईल."

वर्गातल्या तेलेला एकच पत्ता पाठ होता, तिच्या भावाच्या, उकूच्या कॉम्प्युटरचा. उकूने तो गावाकडच्या घरी बसवला तेव्हा तिच्याकडून पत्ता घोकून घेतला होता. मागच्या हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फुटून उकू बुडाला. त्याचा कॉम्प्युटर देऊन टाकला, असं आईने सांगितलं होतं. तरीही तेलेने तोच पत्ता टाइप केला.

ओ आली. मग पुन्हा आली. तेलेने बाईंना बोलावून सगळं सांगितलं.

"पत्ता आता दुसऱ्या कुणाला मिळाला असेल गं," बाई म्हणाल्या. "त्या कॉम्प्युटरचं नाव विचारून बघ."

तिने विचारलं. पडद्यावर उमटलं, 'रडूबाई-तेले'. उकू तिला याच नावाने चिडवायचा.

तिने जिन्यात जाऊन आईला फोन लावला. "आई, उकूचा कॉम्प्युटर कुणाला दिलास?"



"नाही दिला गं. रोज सकाळी चालू करते. दाराआडून त्याची घरघर ऐकली की वाटतं, पोरगा आत बसलाय. कधी कधी जेवायला हाकही मारते." मग आई हळूच म्हणाली, "बंद करू का?"

"नको," तेले म्हणाली. "राहू दे."

ती वर्गात परतली तेव्हा उत्तरं येतच होती. तास संपेपर्यंत ती नुसती बघत बसली.