हेझेल रस्त्यावरचे धुणे

मित्रांनो, माझ्या पोटाला काच आहे. आत काय फिरते आहे, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सहज दिसते. कपडे धुण्याच्या मशीनला या काचेचा अभिमान वाटायला हवा. मला मात्र तिच्यापायी मान खाली घालावी लागली. कशी, ते सांगते.

माझा जन्म वेल्समधल्या एका कारखान्यात झाला. तिथून ट्रकमध्ये बसून मी इंग्लंडच्या मध्यभागी, चिनी मातीची भांडी भाजणाऱ्या जुन्या भट्ट्यांच्या गावात आले. हेझेल रस्त्यावर, कालव्याच्या बाजूला लाल विटांचे एक घर होते. त्याच्या स्वयंपाकघरात, सिंकच्या शेजारी मला जागा मिळाली.

ते घर कुणा एका कुटुंबाचे नव्हते. कुणी इस्पितळातून आलेला, कुणी तुरुंगातून सुटलेला, कुणी रस्त्यावर झोपून कंटाळलेला. ज्यांना एकट्याने राहणे जड जाते, त्यांना तिथे खोली मिळत असे. त्यांचे भाडे सरकार भरत असे. साध्या घरापेक्षा या घरासाठी जास्त भरत असे, कारण इथे नुसते छप्पर मिळायचे नव्हते, आधार देणारे माणूसही मिळायचे होते. म्हणून लोक त्याला ‘आधाराचे घर’ म्हणत.

आणि सुरुवातीला तो आधार खरोखर होता. तिचे नाव ग्लेनिस. साठीला आलेली, गुडघेदुखीने डुलत चालणारी बाई. ती सगळ्यांना ‘बाळा’ म्हणे, पांढऱ्या दाढीच्या माणसालासुद्धा. नवा माणूस आला की त्याला माझ्यासमोर उभे करी.

“बाळा, पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. नाहीतर सगळं आयुष्य गुलाबी होईल!”

लोक हसत. धुतलेला शर्ट घालून कुणी नोकरीच्या मुलाखतीला निघाला की ग्लेनिस माझ्या पाठीवर थाप मारी आणि म्हणे, “शाब्बास गं!” मित्रांनो, ती माझी चांगली वर्षे होती.

मग घर दुसऱ्या मालकाच्या हाती गेले. नव्या मालकाला मी कधीच पाहिले नाही. पण त्याने काय केले ते पाहिले. सगळे मिळून टीव्ही बघायचे ती पुढची खोली त्याने फळ्या ठोकून दोन केली, म्हणजे भाडे दोन माणसांचे येईल. ग्लेनिसची नोकरी संपली. ती जाताना रडली नाही, फक्त ओटा पुसत राहिली. तो स्वच्छच होता.

तिच्या जागी गॅव्हिन येऊ लागला. टोकदार बुटांचा, घाईचा माणूस. तो आत कधी बसला नाही. दारातूनच हाक मारी, “सगळे ठीक?” कुणी “हो” म्हणायच्या आत त्याची गाडी सुरू होई. सरकारच्या दफ्तरात तेवढ्यालाच आधार म्हणत असावेत.

त्या वेळी घरात तीन माणसे राहत होती. फिट्झरॉय हे सर्वांत वयस्कर. लहानपणी जमैकाहून आलेले, भट्टीवर राबलेले, इस्त्रीशिवाय शर्ट न घालणारे. शेन तिशीतला, तुरुंगातून आलेला, तोंडाचा फटकळ. आणि क्लाइव्ह ट्रँटर.

क्लाइव्ह पूर्वी बस चालवत असे. बायको गेल्यावर त्याने दारू धरली. नोकरी गेली, मग घर गेले, मग त्याला भास होऊ लागले आणि इस्पितळात ठेवावे लागले. तिथून तो इथे आला तेव्हा उंच, शांत आणि फार सभ्य होता. केटलसाठी आपली पाळी असली तरी दुसऱ्याला आधी घेऊ देई. इस्पितळाने दिलेल्या गोळ्यांनी भास थांबले होते. पण त्या गोळ्यांनी झोप इतकी गाढ लागे, की पन्नाशी ओलांडलेला हा माणूस अंथरुणात लघवी करी.

घर जागे होण्याआधी तो खाली येई. गुंडाळलेली चादर छातीशी धरलेली असे. ती माझ्यात टाकून तो काचेसमोर पाठ करून उभा राही. मी जमेल तेवढी हळू फिरे. पण जुने मशीन ते, खडखडाट व्हायचाच.

एकदा शेन लवकर उठला.

“काय कॅप्टन, आज भरती आली वाटतं?”

क्लाइव्ह पाठ करून तसाच उभा राहिला. त्याचे कान मात्र लाल झाले. त्या दिवसापासून शेन त्याला कॅप्टनच म्हणू लागला. “कॅप्टन, होडी बांधून ठेवलीस ना रे?” “कॅप्टन, जरा लांब बस, मला पोहता येत नाही.” फिट्झरॉय पेपरमधून डोके वर काढून म्हणत, “शेन, तुझी जीभ एकदा या मशीनमध्ये घालायला हवी.” तेवढ्यापुरता तो गप्प बसे.

मग उन्हाळ्यात मी बंद पडले.

भलत्या वेळी पडले, मित्रांनो. पोटात पाणी भरलेले, दार कुलूपबंद, आणि आत क्लाइव्हची चादर आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. क्लाइव्हने सगळी बटणे दाबली. दाराला हिसके दिले. शेवटी तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि हळूच म्हणाला, “अगं, उघड ना.” मला उघडता आले नाही.

शेन चहाला आला आणि ओरडला, “अरे या, या! मत्स्यालय उघडलंय!”

क्लाइव्ह जिना चढून गेला तो दिवसभर खाली आला नाही. फिट्झरॉयनी आपल्या खोलीतून भरतकाम केलेला टेबलक्लॉथ आणला आणि माझ्या काचेवर टाकला. तो त्यांच्या आईचा होता, रविवारी भात आणि राजमा शिजवला की तेवढ्यापुरता ते अंथरत. गॅव्हिनला निरोप धाडला. त्याने दारातून सांगितले, “कळवतो वरती.” पुढच्या वेळीही तेच. शेवटी फिट्झरॉयनीच खालची झाकणी खोलून पाणी बादलीत काढले, दार सैल केले आणि कुबट झालेले कपडे क्लाइव्हच्या दाराशी नेऊन ठेवले. टकटक केली आणि तो दार उघडायच्या आत परत फिरले.

मला दुरुस्त करायला कुणी आले नाही. माझ्या नावाने सरकारकडून पैसे मात्र येत राहिले असतील.

त्यानंतर क्लाइव्ह चादर न्हाणीतल्या टबात हाताने धुऊ लागला. वाळायला जागा नव्हती. खोलीला वास येऊ लागला, म्हणून तो दार लावून बसू लागला. मग त्याने स्वतःच एक उपाय काढला. गोळ्या सोडल्या. गोळी नाही तर गाढ झोप नाही, गाढ झोप नाही तर चादर ओली नाही. चादर कोरडी राहिली. पण त्याचे हात थरथरू लागले. जेवण सुटले. तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून हात असे धरी, जणू समोर बसचे स्टिअरिंग आहे, आणि दिसत नसलेल्या माणसांना म्हणे, “जरा आत सरका, अजून माणसं चढायचीत.”

या वेळी शेन हसला नाही. तो फिट्झरॉयना म्हणाला, “म्हाताऱ्या, हे बरं नाही. कुणाला तरी सांग.”

“तूच सांग की. तुझा आवाज मोठा आहे.”

“माझं कोण ऐकतंय?”

फिट्झरॉयनी गॅव्हिनला सांगितले. गॅव्हिन म्हणाला, “कळवतो वरती.”

पानगळीच्या सुमारास गॅव्हिन पहिल्यांदाच घरात येऊन बसला. नगरपालिकेच्या बाई तपासणीला येणार होत्या.

“नीट ऐका,” तो म्हणाला. “विचारलं तर सांगायचं, मी नेहमी भेटतो, मदत करतो, सगळं छान आहे. कुणी शहाणपणा केला तर हे घर बंद होईल. मग झोपा बसस्टॉपवर. पावसाळी हवा आहे, सांगून ठेवतो.”

मग त्याने मला पुसले. माझ्या डोक्यावर साबणाचा नवा डबा ठेवला आणि शेजारी कापडी फुलांची फुलदाणी. मेलेल्याला नवे कपडे चढवावेत तसे मला झाले. लाज वाटली, पण लाजेने पांढऱ्या पत्र्याचा रंग बदलत नाही.

बाईंचे नाव ओकोरो होते. शांत होत्या. त्यांनी खिडक्या उघडून पाहिल्या, फळ्यांच्या भिंतीवर टिचकी मारली. मग माझ्याजवळ आल्या.

“हे चालू करून दाखवता?”

“आत्ताच धुणं झालंय,” गॅव्हिन म्हणाला.

त्यांनी स्वतःच बटण दाबले. मी गप्प.

“अरे! कालच बिघडलेलं दिसतंय,” गॅव्हिन हसला. “उद्या माणूस येईल.”

ओकोरोबाईंनी तिघांकडे पाहिले. फिट्झरॉय तोंड उघडणार तोच शेनने त्यांच्या बाहीला धरले. त्याच्या डोळ्यांत भीती होती. त्याला खरोखरच दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

बाई क्लाइव्हच्या शेजारी बसल्या. “तुमचे हात फार थरथरतायत. औषध घेता ना?”

“नाही.”

“का?”

“तो जरा लाजाळू आहे,” गॅव्हिन मध्येच म्हणाला.

“मी त्यांना विचारलं.”

क्लाइव्हने आधी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. मला वाटले, तो उठून जिना चढेल. पण तो बोलला, आणि प्रत्येक शब्द ओढून काढावा लागत असल्यासारखा बोलला.

“काल नाही बिघडलं. उन्हाळ्यातच बिघडलंय. माझीच चादर होती आत. मी... बाई, मी अंथरूण ओलं करतो. गोळ्यांनी होतं. धुवायला काही नाही, म्हणून गोळ्या बंद केल्या. कुणी विचारलंच नाही. हे दारातून विचारतात, पण दारातून असलं काही सांगता येतं का?”

क्लाइव्हने मान वर करून शेनकडे पाहिले. तो आता थट्टेची वाट पाहत होता. शेन खिडकीबाहेर बघत होता आणि त्याने आपल्या दोन्ही मुठी खिशात कोंबल्या होत्या.

ओकोरोबाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. “तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत, मिस्टर ट्रँटर,” त्या म्हणाल्या. “यात खाली मान घालायची ती तुम्ही नाही.” त्यांनी गॅव्हिनकडे पाहिले. तो आपले बूट बघत होता.

त्याच दुपारी क्लाइव्हसाठी नर्स आली. पुढे मालकाचे सरकारी पैसे थांबले. आणि गॅव्हिन एका बाबतीत खोटे बोलला नव्हता. घर बंद झाले.

सामान काढायला माणसे आली तेव्हा त्यांनी मला ओढत मागच्या अंगणात आणून टाकले. फिट्झरॉयना म्हाताऱ्या माणसांसाठीच्या इमारतीत छोटे घर मिळाले होते. क्लाइव्हला नर्स येत-जात असलेल्या एका चांगल्या जागी नेणार होते. तो बॅग घेऊन अंगणात गाडीची वाट पाहत होता. शेन आला आणि उडी मारून माझ्यावर बसला. त्याने सिगारेट पेटवली.

“तुला कुठं दिली जागा?” क्लाइव्हने विचारले.

“बघतायत म्हणे. तोवर एका मित्राचा सोफा आहे.”

“माझ्यामुळे तुझं छप्पर गेलं, शेन.”

“छप्पर कसलं? गळत होतं.” त्याने धूर सोडला. मग म्हणाला, “कॅप्टन, एक सांगू? हसायचं नाही.”

“मी कधी हसलोय?”

“लहानपणी मी अनाथाश्रमात होतो. मीपण अंथरूण ओलं करायचो. तिथली बाई ती चादर माझ्या गळ्यात बांधून मला दारात उभं करायची. पोरं शाळेला जायची ना, त्यांच्यासमोर. रोज.” त्याने राख झटकली. ती माझ्या अंगावर पडली. “तू पहाटे खाली यायचास ना, ते बघवायचं नाही रे मला. म्हणून मग... तोंड सुटायचं.”

क्लाइव्हने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आधी सांगायचंस, राजा.”

“कसं सांगणार? तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं, माझ्याच तोंडातून निघालं.”

तेवढ्यात गाडी आली. क्लाइव्हने जाताना आपल्या नव्या जागेचा पत्ता शेनच्या हातावर पेनाने लिहिला. शेन म्हणाला, “आंघोळ करेपर्यंत टिकेल.” दोघेही हसले. मग शेन कालव्याच्या वाटेने निघून गेला. हात खिशात घातला नव्हता, पत्ता पुसला जाऊ नये म्हणून असेल.

हिवाळ्यात ओकोरोबाई एकदा रिकामे घर पाहायला आल्या. बरोबर दुसरा एक अधिकारी होता. क्लाइव्ह बरा आहे, गोळ्या घेतो, तिथे कुणी चादरीविषयी बोलत नाही, फक्त बदलून देतात, असे त्या सांगत होत्या. अधिकाऱ्याने विचारले, “आणि तो तिसरा?”

बाई माझ्याजवळ थांबल्या. “त्याच्यासाठी जागा मिळाली होती,” त्या म्हणाल्या. “पण तोवर तो मित्राकडून निघून गेला होता. फोन बंद आहे.” त्यांनी मफलरमध्ये तोंड लपवले. “हे घर बंद करायलाच हवं होतं. पण त्याच्यासाठी आधी दार उघडून मग हे लावायला हवं होतं मी.”

मित्रांनो, आता मी भंगारवाल्याच्या गाडीची वाट पाहते आहे. माझ्या पोटात पावसाचे पाणी साचले आहे, त्यावर शेवाळ धरले आहे. स्वतःविषयी माझे काही मागणे नाही. लोखंड आहे, वितळेन, कशाचा तरी भाग होईन.

पण कधी तुम्हाला कुठे एखादा तिशीतला माणूस भेटेल. मोठ्या आवाजात थट्टा करणारा, कुणाला नीट बोलू न देणारा. त्याच्यावर रागावू नका, आणि कुठून आलास, काय केलेस, हेही लगेच विचारू नका. आधी त्याला कोरडे अंथरूण द्या.